माझं मी घालणार! लहान मुलं कपडे घालायला कशी शिकतात

पूर्वी पहिलीत नाव घालायला पोराला नेलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचे. बोटं डाव्या कानाला टेकली तर नाव घातलं जायचं, नाही टेकली तर 'पुढच्या वर्षी आणा'. जन्माचा दाखला नसलेल्या कित्येक आजी-आजोबांची शाळा याच परीक्षेवर सुरू झाली. वय ठरवायला ही पद्धत कच्चीच, पण तिच्यामागचं शरीराचं गणित खरं आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं आणि हात फार आखूड. जन्मताना डोकं म्हणजे एकूण लांबीचा जवळजवळ चौथा भाग, मोठ्या माणसात साधारण आठवा. हात वाढत वाढत सहाव्या वर्षाच्या आगेमागे कुठं पलीकडचा कान गाठतात.

हेच गणित टी-शर्टला लावून बघा. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४७-४८ सेंटीमीटर असतो, म्हणजे मोठ्या माणसापेक्षा फार कमी नाही. हात मात्र जेमतेम टाळूपर्यंत पोचतात. त्यानं टी-शर्ट वर ओढला की गळा कपाळाला अडकतो, डोळ्यांपुढं अंधार होतो, दोन्ही कोपरं बाह्यांत गुंतलेली, आणि मानेमागचं कापड ओढायला हातच पुरत नाही. त्यात बाहेरून आवाज, "आवर की लवकर, रिक्षावाले काका थांबलेत." पोर भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. हट्ट असेलही थोडा. पण त्या क्षणी ते खरोखर अडकलेलं असतं.

कपडे घालणं आपल्याला एक काम वाटतं, कारण आपण ते झोपेतसुद्धा करतो. मुलासाठी ती दहा-बारा कामं असतात. साधी इलॅस्टिकची पॅंट घ्या. आधी पुढचा भाग कुठला ते ओळखायचं. दोन्ही हातांनी कंबर उघडी धरायची. एक पाय उचलायचा, म्हणजे क्षणभर दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा. एका पायावर क्षणभर उभं राहणं बऱ्याच मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतं. मग न दिसणारा पाय त्या नळीतून पुढं ढकलायचा, म्हणजे डोळ्यांनी न बघता पाऊल कुठं आहे ते कळायला हवं. ही जाणीव स्नायू आणि सांध्यांतून मेंदूकडं येते आणि हळूहळू पक्की होते. दुसऱ्या पायाला तेच सगळं पुन्हा, पण त्याच नळीत न जाता. शेवटी पॅंट वर ओढायची, आणि इथं हमखास घोळ होतो. मूल दोन्ही हातांनी पुढूनच ओढतं. पुढून पॅंट बेंबीपर्यंत येते आणि मागं ढुंगणाखालीच राहते. मागचं त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला अडचण समजायचं वय अजून आलेलं नसतं. एक हात पुढं, एक हात मागं, एवढं हात धरून दाखवलं की निम्मं भांडण मिटतं.

आधी काढणं येतं, मग घालणं. हा क्रम जवळजवळ सगळ्या मुलांत सारखा असतो. काढायला कापडाची पुढची-मागची बाजू ओळखावी लागत नाही आणि जोर लावून भागतं. वर्षाच्या आसपासचं बाळ मोजे आणि टोपडं ओढून फेकतं तेव्हा आपण वैतागतो, पण त्याचा पहिला धडा तोच असतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२२ साली वाढीचे टप्पे सुधारले. चारपैकी निदान तीन मुलांना जे जमतं तेच त्या वयापुढं लिहायचं, असं त्यात धोरण आहे. त्यानुसार दीड वर्षाचं मूल बाहीत हात ढकलून किंवा पाय उचलून कपडे घालायला मदत करतं. अडीच वर्षांचं सैल पॅंट किंवा पुढून उघडं जॅकेट स्वतः काढतं, तीन वर्षांचं ते घालतं. चौथ्या वर्षी काही बटणं काढता येतात, पाचव्या वर्षी काही लावता येतात. आपल्याकडं बालमार्गदर्शन केंद्रांत व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी वापरतात; मूल रोजची कामं स्वतः किती करतं ते तिच्यानं मोजतात. एडगर डॉल यांनी ती १९३५ साली मांडली आणि नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तिची आवृत्ती केली. तिच्यातही मोजे काढणं आधी आणि बटणं लावणं बरंच नंतर येतं.

ही वयं वाचून लगेच घरच्या पोराला तराजूत घालू नका. आपल्या घरात आजी, काकू, आत्या असे चार हात कपडे घालायला तयार असतात. मुलाला संधीच मिळत नाही, म्हणून त्याला ते उशिरा येतं. संधी न मिळणं आणि न जमणं यांत फरक आहे, आणि तो घरच्यांनाच कळू शकतो. आठवडाभर रोज संध्याकाळी संधी द्या आणि बघा. पोर पुढं सरकत असेल तर काळजीचं कारण नाही.

'माझं मी' हे खूळ कुठून येतं

दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलाच्या डोक्यात एक मोठी गोष्ट घडते. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या संशोधक बाईंनी लहान मुलांच्या नाकावर गुपचूप लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर बसवलं. छोटी बाळं आरशातल्या पोराकडं बघून हसली, त्याला हात लावायला गेली. दीड ते दोन वर्षांच्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी मात्र हात स्वतःच्या नाकावर नेला. घरी हा प्रयोग काजळाच्या तिटेनं करता येतो. आरशातला तो मीच, हे कळायला लागलं की 'माझी चप्पल', 'माझा शर्ट' सुरू होतं आणि पाठोपाठ 'माझं मी'. अडचण एवढीच, की इच्छा दोन वर्षांची होऊन पुढं उभी असते आणि बोटं अजून मागं असतात. या दोघांच्या अंतरात सगळी रडारड होते.

म्हणून 'माझं मी' म्हणणाऱ्या मुलाला 'बरं, सगळं तूच घाल' म्हणून सोडून देणं हाही काही उपाय नाही. पूर्ण काम त्याच्या आवाक्याबाहेर असतं. त्याला त्यातला एक तुकडा द्यायचा. कुठला तुकडा, यालाच खरं महत्त्व आहे.

आपण सहसा पहिला तुकडा देतो. "घाल बघू डोकं आत," म्हणतो, मग वेळ संपतो आणि उरलेलं आपणच ओढून ताणून उरकतो. म्हणजे मुलानं सुरू केलेलं प्रत्येक काम दुसऱ्याच्या हातात संपतं. विशेष मुलांना शिकवणारे शिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे तज्ज्ञ) याच्या नेमकं उलट करतात. सगळ्या पायऱ्या आपण करायच्या आणि शेवटची तेवढी मुलाला द्यायची. पॅंट गुडघ्यांच्या वर आणून ठेवायची, कमरेपर्यंत त्यानं ओढायची. ते सहज जमलं की पुढच्या वेळी गुडघ्यांपाशी सोडायची, मग घोट्यांपाशी, आणि शेवटी जमिनीवर ठेवायची. बडबडगीत म्हणताना आपण ओळीचा शेवटचा शब्द गाळतो आणि पोर तो ओरडून पूर्ण करतं, तशातलाच हा प्रकार. काम दर वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं, 'झालं!' त्याच्या तोंडून निघतं. उलटीकडून शिकवण्याची ही रीत पॅंटला लागू पडते, तशी मोज्याला आणि चेनलाही.

मोज्यात खरी अडचण टाचेची असते. टाच ओलांडेपर्यंत आपण घालायचा, पुढं ओढायला मुलाला द्यायचा. लांब मोज्यापेक्षा घोट्यापर्यंतचा सोपा. चेनचं खालचं टोक अडकवणं पाच-सहा वर्षांच्या मुलालाही जड जातं. ते आपण करावं आणि वर ओढायला मुलाला द्यावं. टोकाला सुतळीचा किंवा लोकरीचा गोंडा बांधला तर छोट्या बोटांना धरायला बरं पडतं. टी-शर्ट घालताना डोकं आणि एक हात आपण आत घालायचा आणि दुसरा हात मुलानं. काढताना मात्र आधी दोन्ही हात बाहीतून आत घेऊन सोडवायचे आणि मगच डोकं, म्हणजे तो अंधारातला गुंता होत नाही.

स्वेटर-जॅकेटची एक युक्ती बालवाडीच्या बाईंना ठाऊक असते, घरी फारशी कुणाला नसते. जॅकेट जमिनीवर पसरायचं, आतली बाजू वर, गळा मुलाच्या पायांकडं. मुलानं वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात वर करून ते सगळं डोक्यावरून मागं टाकायचं. जॅकेट पाठीवर नीट बसलेलं असतं. तीन वर्षांच्या पोराला हे जमलं की दिवसभर तोच खेळ चालतो.

पॅंट आणि मोजे उभ्यानं घालायला लावू नका. पाट घ्या, भिंतीला टेकून ठेवा, त्यावर बसवा. पाठीला टेका मिळाला की तोल सांभाळायचं काम उरत नाही आणि दोन्ही हात मोकळे होतात. जुन्या घरांत लोक उंबऱ्यावर बसवतात, तेही चालतं. आजीचा विरोध नसेल तर.

शिकवायची वेळ सकाळची नाहीच. सकाळी घड्याळ, डबा, रिक्षा. संध्याकाळी अंघोळीआधी कपडे काढणं हा सगळ्यात सोपा धडा, आणि रात्री झोपायचे कपडे घालणं हा दुसरा. घाई नसते, उलटं घातलं तरी कुणी बघायला नसतं. फक्त अंग कोरडं हवं. ओलसर कातडीला कापड चिकटतं आणि घासतं, मोठ्यांनाही पावसाळ्यात लेगिंग चढवताना हे कळतं.

बटणं काढायला सोपी आणि लावायला अवघड का, हे एकदा स्वतःच्या बोटांकडं बघत बटण लावून-काढून पाहिलं म्हणजे कळेल. काढताना एक हात कापड ताणतो, दुसरा बटण काजातून ढकलतो, झालं. लावताना बटण अर्ध्यात एका हातातून दुसऱ्या हातात द्यावं लागतं. एक चिमूट ढकलते, मग ती सुटते आणि पलीकडची चिमूट पकडते, आणि तेवढ्यात बटण परत मागं पळतं. शिवाय गळ्याजवळचं बटण मुलाला दिसतच नाही. म्हणून सुरुवात सगळ्यात खालच्या बटणापासून करावी. ते दिसतं, आणि दोन्ही पट्ट्याही समान राहतात.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटी आहेत; प्रत्येकीवर कापडाच्या दोन पट्ट्या, कुठं बटणं, कुठं हुक, कुठं नाड्या. मूल कपडा अंगात न घालता समोर ठेवून सराव करतं. आपल्याकडं ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडं साहित्य बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवर भर दिला. त्याच वाटेनं जायचं तर एक जुना जाड कापडाचा शर्ट घ्या, पुढच्या दोन पट्ट्या कापा, कोटाची मोठी चपटी बटणं दोऱ्याला थोडी ढील ठेवून शिवा आणि काजं थोडी मोठी करा. मूल मांडीवर घेऊन ते खेळत बसेल. मात्र ढील ठेवली तरी टाके पक्के घाला आणि समोर बसा. सुटलेलं बटण तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकतं.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कपडे घ्यायला जाताना

कपडा मुलाच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे दुकानातच ठरतं. इचलकरंजीच्या मागांवर विणलं जातं ते उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड. ते टिकतं, पण ताणलं जात नाही. तिरुपूरहून येणारं होजियरी कापड एकमेकांत अडकवलेल्या धाग्यांच्या फासांचं असतं, ओढलं की फास पसरतात आणि सोडलं की जागेवर येतात. शिकाऊ हातांना होजियरी बरी. शिवलेला कॉटनचा शर्ट छान दिसतो, पण तो घालायला काटेकोरपणा लागतो. दोन्ही प्रकारांना कपाटात जागा आहे, शिकायच्या वर्षांत पहिला मान होजियरीला द्या.

गळा दोन्ही हातांनी ताणून बघा. खांद्यावर टिचबटणं असतील तर उत्तम. पुढं चित्र असलेला टी-शर्ट घ्या. मोठ्यांना ते बटबटीत वाटतं, पण 'हत्ती पोटावर' हा नियम मुलाला 'पुढची बाजू' या शब्दांपेक्षा कितीतरी आधी कळतो. आणि वाढत्या अंगाचं घ्यायची आपली सवय थोडी आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दुसऱ्या ते तिसऱ्या वाढदिवसादरम्यान मूल सरासरी ९ सेंटीमीटर वाढतं, म्हणजे एक माप मोठं घेणं समजण्यासारखं आहे. दोन मापं मोठी पॅंट मात्र पायात येते आणि मूल तोंडावर पडतं.

मुलींच्या कपड्यांवर माझा राग आहे. खणाचा परकर-पोलका असो की काठापदराचा फ्रॉक, चेन नाहीतर हुक पाठीमागं. तीन वर्षांच्या मुलीच्या पाठीपर्यंत तिचा हात जाणार कसा? तिच्याच वयाचा भाऊ इलॅस्टिकची चड्डी आणि टी-शर्ट घालून मोकळा होतो, ती पाठ करून आईसमोर उभी राहते, आणि मग सगळे म्हणतात, ही फार नाजूक. पाडव्याला, दसऱ्याला घाला की असा फ्रॉक. रोजच्याला पुढून किंवा डोक्यावरून घालायचाच घ्या.

दागिन्यांचंही बघा. हुपरीचे चांदीचे वाळे पायात छान दिसतात, पण घुंगरू लेगिंगच्या अरुंद मोरीत अडकतं. कपडे शिकायच्या दिवसांत बिनघुंगराचे गुळगुळीत बरे. गळ्यातला काळा दोरा आणि टोपीच्या नाड्या याबद्दल मी ठाम आहे: नकोतच. घसरगुंडीला, खिडकीच्या कडीला, पाळण्याच्या कोपऱ्याला अडकून गळा आवळला जातो. अमेरिकेत मुलांच्या जॅकेटच्या टोपीला आणि गळ्याला नाडी नको अशा सूचना १९९६ सालीच निघाल्या, त्या अशा मृत्यूंमुळंच.

चपलेचं थोडक्यात. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण अंगठ्याची कोल्हापुरी लहान मुलाला शिकायला सोपी नाही. अंगठा वेगळा करून त्या वळ्यात घालणं जड, आणि मागं पट्टा नसल्यानं ती पळताना निसटते. लग्नात फोटोपुरती ठीक. रोज मागं पट्टा आणि वेल्क्रो असलेली सँडल घ्या. डावं-उजवं चुकणं चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालायचंच. एखादं गोल चित्र मधोमध कापून अर्धं एका सँडलमध्ये, अर्धं दुसऱ्यात आतल्या कडेला चिकटवा. चित्र जुळलं की जोडी बरोबर. लेसच्या बुटांची घाई पहिलीपर्यंत करू नका.

काही मुलं विशिष्ट कपडा अंगाला लागूच देत नाहीत. लेबल टोचतं, मोज्याची शिवण बोटांवर खुपते. कपडा अंगावर चढल्यावर थोड्या वेळात आपल्याला तो जाणवेनासा होतो, कारण त्वचेतल्या संवेदना त्या सारख्या स्पर्शाला सरावतात. काही मुलांत हे सरावणं नीट होत नाही आणि टोचणं दिवसभर टोचतच राहतं. लेबल कापा, मोजा उलटा घाला, नवं कापड दोनदा धुऊन मऊ करा. पावसाळ्यात दोन-दोन दिवस दोरीवर वाळत राहिलेले अर्धवट ओले कपडे याच मुलांना सगळ्यात जास्त छळतात. इस्त्री फिरवून द्या.

डॉक्टरांना कधी दाखवायचं? दीड वर्षाच्या आतच मूल ठामपणे एकच हात वापरत असेल आणि दुसरा बाजूला ठेवत असेल, तर वाट बघू नका. येत असलेलं जमेनासं झालं तर तेही. पाच वर्षं उलटून गेली, संधी भरपूर मिळाली, तरी बटण, चमचा, पेन्सिल सगळीकडंच हात अडखळत असेल तर तपासून घ्या. शाळकरी मुलांत ५ ते ६ टक्क्यांना हालचालींचा ताळमेळ साधण्याची अशी अडचण असते आणि त्यात बुद्धीचा काही दोष नसतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. डॉक्टरांचं पथक येतं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि शंका असेल ती स्वतः सांगा. एका बाजूचा हात किंवा पाय अशक्त असेल तर घालताना तो आधी आणि काढताना शेवटी, हा क्रम पाळला की ओढाताण बरीच कमी होते.

राहिला जूनमधला गणवेश. बालवाडीच्या हाफपॅंटला पुढं हुक आणि चेन असते, आणि नुकती शी-शू सांगायला लागलेल्या मुलाला ती ऐन वेळी उघडता येत नाही. पॅंट ओली होण्यामागं पुष्कळदा एवढंच कारण असतं. शिंप्याकडून मागच्या कमरेत इलॅस्टिक आणि पुढच्या हुकाच्या जागी वेल्क्रो लावून घ्या. बाहेरून गणवेश जसाच्या तसा दिसतो, बाईंची हरकत नसते. फक्त मे महिन्यातच जा. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात शिंप्याकडं नंबर लागत नाही.